हाइन्झने दुकान का फोडलं?

बायको कॅन्सरने मरणाच्या दारात. गावातल्या औषधवाल्याकडे एक नवं औषध आहे. त्याला स्वतःला खर्च आला 200 डॉलर, पण एवढ्याशा डोसाचे तो 2000 मागतो. नवरा हाइन्झ ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडे हात पसरतो, तरी निम्मेच पैसे जमतात. ‘बाकीचे नंतर देतो’ म्हटलं तरी औषधवाला ऐकत नाही. शेवटी हाइन्झ त्याचं दुकान फोडतो. बरोबर केलं का त्याने?

1950च्या दशकात लॉरेन्स कोलबर्ग हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शिकागोतल्या 10 ते 16 वर्षांच्या मुलग्यांपुढे असे पेच ठेवत असे. मुलगा ‘हो’ म्हणतो की ‘नाही’, याला फारसं महत्त्व नव्हतं. खरा प्रश्न त्यापुढचा : का? ‘चोरी केली तर पोलीस पकडतील’ ही सगळ्यात खालची पायरी. ‘बायको गेली तर याचं कोण करणार?’ ही दुसरी, फायद्यातोट्याची. मग ‘लोक काय म्हणतील’, त्यावर ‘कायदाच मोडला तर समाज चालेल कसा’, आणि त्याही वर माणसाच्या जिवाचं मोल. अशा एकूण सहा पायऱ्या त्याने मांडल्या.

गुन्ह्यात सापडलेली मुलं यात कुठे असतात? 2006 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 50 अभ्यास एकत्र करून पाहिले. ही मुलं समवयस्कांपेक्षा खालच्या पायरीवर विचार करताना दिसली, आणि कोठडीत असलेल्यांमध्ये ही तफावत मोठी होती.

म्हणून त्यांना चोरी वाईट हे माहीत नसतं, असं मुळीच नाही. कळतं, पण वळत नाही. मधे सबब येते. ‘गाडीला किल्ली तशीच ठेवली, मग जाणारच की!’ या एका वाक्यात चोरीचा दोष मालकाच्या माथी जातो आणि चोराला रात्री शांत झोप लागते. साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी 1957मध्येच अशा सबबींचे पाच प्रकार नोंदवले होते. माझ्या मते गुन्ह्याचं मूळ शोधायचं तर या सबबींपाशी जास्त वेळ थांबायला हवं. वरच्या पायरीची भाषा सफाईने बोलून लाखोंचा घोटाळा करणारेही असतातच, आणि सबबी त्यांच्याकडेही असतात.

आता तुरुंगाचा विचार करा. तिथला सगळा कारभार चालतो धाकावर, म्हणजे पहिल्या पायरीवर. ज्याला वर चढवायचं, त्याला आपण वर्षानुवर्षं तळाशीच बसवून ठेवतो. हे मला फार अस्वस्थ करतं.

कोलबर्गलाही ते खुपलं. 1971मध्ये तो आणि त्याचे सहकारी कनेटिकट राज्यातल्या नियांटिकच्या महिला तुरुंगात गेले. तिथल्या एका इमारतीत कैदी बायका आणि पहारेकरी एकत्र सभेला बसू लागले. नियम तिथेच ठरायचे आणि कुणी मोडला, तर चर्चाही त्याच सभेत व्हायची. ‘मी हे का केलं’ याचं उत्तर तिथे रोज शेजारी राहणाऱ्या बायकांना द्यावं लागायचं.