दुरीकरण म्हणजे निर्मूलन नव्हे

सोलापुरात आमच्या गल्लीत आशाताई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आल्या, की कुणीतरी म्हणतंच, "हत्तीपाय आता दिसतोय कुठं ओ? मला काय झालंय?" मोहिमेचं नाव 'दुरीकरण', ऐकणारा समजतो 'निर्मूलन'. घोळ तिथंच होतो.

निर्मूलन म्हणजे मुळासकट, अख्ख्या जगातून. मग लसही बंद करता येते. माणसाच्या रोगांत हे फक्त देवीचं झालं, 1980 साली. दुरीकरणात एखाद्या देशातून रोगाचा प्रसार थांबवायचा किंवा रुग्ण ठरलेल्या प्रमाणाखाली आणायचे, आणि पुढंही राखण करत राहायचं.

नारू या जंताच्या रोगावरून हे चांगलं कळतं. आजी सांगायची, पायातून निघालेला दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजलाच. असा पाय घेऊन कुणी पायविहिरीत उतरलं, की जंत पाण्यात अळ्या सोडायचा. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव त्या गिळायचे, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभरानं तोच दोरा बाहेर. यावर ना लस, ना औषध. पाणी फडक्यानं गाळायचं आणि विहिरीच्या पायऱ्या बंद करायच्या, मुख्यतः अशा उपायांवर भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये नोंदला गेला आणि 2000 साली देश नारूमुक्त ठरला. जगात मात्र 1986 च्या सुमारास 35 लाख रुग्ण होते, ते 2024 मध्ये 15 वर आले. पंधराच, तरी निर्मूलन नाही! आफ्रिकेतल्या चाड देशात तो कुत्र्यांतही सापडतो ना.

कुष्ठरोगाचं उलटं. कार्यक्रमाच्या नावातच 'निर्मूलन'. पण डिसेंबर 2005 मध्ये देशानं गाठलं ते दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, म्हणजे दुरीकरणच. लोकांना वाटलं, संपला. म्हणून तर बधिर चट्ट्याबद्दल ताई अजून विचारतात. डोळ्यांच्या खुपऱ्यांचं देशात 2024 मध्ये दुरीकरण झालं, तेही याच अर्थानं.

आता गोळ्यांचं. हत्तीरोगाचा जंत अंगात वर्षानुवर्षं राहतो, पाय सुजलेला नसतानाही. त्याची पिल्लं रक्तात उतरतात ती रात्री, म्हणून रक्ताचे नमुनेही रात्रीच घेतात. डास तीच पिल्लं शेजारच्या घरी नेतो. गोळी मारते ती मुख्यतः पिल्लांना. म्हातारा जंत पुन्हा नवी सोडतो. म्हणून गोळ्या दरवर्षी, आणि धडधाकट माणसालाही.

ताई एवढं सगळं सांगत बसत नाहीत. "जेवण झालंय नव्हं? मग माझ्यासमोरच घ्या," म्हणतात.