धातूची जादूची साधनं: घासायला घेण्याआधी हे वाचा

हे माहितीपत्रक दोन वेळांसाठी आहे: साधन आमच्याकडे दुरुस्तीला देण्याआधी, आणि दुरुस्त होऊन ते तुमच्या पेटीत परत गेल्यावर. आमच्याकडे येणाऱ्या वस्तूंत प्रयोग करून झिजलेल्या कमी आणि घासून झिजलेल्या जास्त असतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पॉलिश करणं म्हणजे धातूचा पातळ थर काढून टाकणं. मऊ कापड असो की बफिंगचं चाक, काळेपणा जातो तो थोडा धातू सोबत घेऊनच. फुलदाणीचं त्यानं काही बिघडत नाही. जादूच्या साधनात मात्र एक भाग दुसऱ्यात केसभर जागा ठेवून बसवलेला असतो. शेल, म्हणजे नाण्यावर टोपीसारखं बसणारं पोकळ नाणं, नाण्यावर खुळखुळायला लागलं, की ते कितीही चकाकत असलं तरी प्रयोगात धरवत नाही.

म्हणून कुठलीही वस्तू हातात घेतली की आम्ही आधी एवढंच पाहतो: हा भाग दिसणारा आहे की काम करणारा? दिसणारा भाग चमकवता येतो. काम करणारा भाग, म्हणजे झाकणाची आतली कड, डबीची बाहेरची बाजू, कपाचा कंगोरा, नुसता पुसायचा. तो काळा पडला असेल तर काळाच राहू द्या.

धातू कोणता, हे आधी बघा

पिवळं दिसतं ते सगळं पितळ नसतं. चुंबक लावून पाहा. जोरात चिकटला तर आत लोखंडी पत्रा आहे आणि वर पितळेचा मुलामा. असा मुलामा घासला तर दोन-चार वेळांतच खालचा करडा पत्रा डोकावतो, आणि मग गंज. अर्थात काही साधनांत चुंबक किंवा लोखंडाची पट्टी मुद्दाम दडवलेली असते, तेव्हा एकाच जागी ओढ जाणवली तर तो मुलामा समजू नका.

दुसरी गोष्ट लॅकरची. पितळेच्या बऱ्याच वस्तूंवर बनवणाऱ्यानेच पारदर्शक लॅकर मारलेलं असतं. तळाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी पॉलिश लावून घासा. कापड काळं झालं तर पितळ उघडं आहे. कापड तसंच राहिलं तर वर लॅकर आहे, आणि तुम्ही फक्त लॅकर घासताय. लॅकर एका जागी फुटलं की तिथून काळे चट्टे आत आत पसरतात. अशी वस्तू कोमट पाणी आणि साध्या साबणाच्या पुढे नेऊ नका. लॅकर फुटलेलंच असेल तर ते पूर्ण उतरवून नव्यानं द्यावं लागतं.

कप

मध्यंतरी चेंडू लपवायच्या प्रयोगाचे तांब्याचे तीन कप आले होते. त्यातला एक पडून तोंडाशी चेपला होता. मालकांनी तो लोखंडी पाइपवर घालून बाहेरून हातोडीनं ठोकला. तोंड गोल दिसायला लागलं, पण हा कप दुसऱ्यावर उपडा ठेवला की कंगोऱ्यावर टेकायचा सोडून घसरत खाली जाऊन रुतायचा. दोन कपांमध्ये चेंडूसाठी जी जागा राहायला हवी, तीच नाहीशी झाली. कॅलिपर लावून पाहिलं तर तोंड इतर दोघांपेक्षा जवळपास दीड मिलिमीटरनं मोठं.

लोखंडावर ठेवून लोखंडानं ठोकलं की मधला पत्रा चिरडून पसरतो. पसरलेला पत्रा आक्रसून घेता येतो, पण त्यासाठी तांबं मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करावं लागतं. कप आकाराला येतो, मात्र त्याचा टणकपणा जातो आणि पुढच्या वेळी तो लवकर चेपतो. पोचा काढायची खरी रीत सावकाशीची आहे. कपाच्या आतल्या आकाराचा लाकडी ठोकळा, लाकडी किंवा नायलॉनची हातोडी, आणि पोच्याच्या कडेकडून मध्याकडे हलके हलके ठोके. पोचा बारीक असेल आणि तोंडाशी किंवा कंगोऱ्यावर नसेल, तर तो राहू द्या असंच आम्ही सांगतो. चार पावलांवरून तो दिसत नाही.

एकच कप पॉलिशला पाठवू नका. तिन्ही एकत्र पाठवा, म्हणजे रंग आणि बसणं दोन्ही जुळवता येतं.

रिंगा

एकमेकींत गुंतवून दाखवायच्या रिंगांपैकी क्रोमच्या रिंगेवर जे चमकतं त्यातलं क्रोम फार थोडं. खरी चमक खालच्या निकेलची. क्रोमचा थर साधारण पाव मायक्रॉनचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरचा चार हजारावा भाग. घासकाथ्या किंवा तारेचा घासा अशा थराला चालतच नाही. गंजाचे बारीक ठिपके दिसत असतील तर पातळ तेलात भिजवलेल्या कापडानं अलगद पुसून घ्या. कापडाला रिंग अडकायला लागली, पापुद्रा नखाला लागला, की घरचे उपाय थांबवा. जुना मुलामा उतरवून नवा चढवणं हे आम्लाचं आणि विषारी रसायनांचं काम आहे.

स्टेनलेसच्या रिंगांना मुलाम्याची भीती नाही, पण त्याही लोखंडी तारेनं घासल्या तर लोखंडाचे कण वर रुतून बसतात आणि तेच पुढे गंजतात. मग ‘स्टेनलेस असून गंजली’ अशी तक्रार येते.

जोड ठीक आहे का, हे कानानं कळतं. रिंग दोऱ्याला टांगा आणि दुसरीनं हलका टोला द्या. अखंड रिंगेचा नाद लांबत जातो. वेल्डिंगला तडा असेल तर आवाज बसका आणि खरखरीत येतो. ही परीक्षा अखंड रिंगांचीच. मुद्दाम फट ठेवलेल्या, म्हणजे चिरेच्या रिंगेचा आवाज मुळातच वेगळा असतो. त्या चिरेच्या कडा स्वतः कधीही घासू नका. कड बोटाला किंवा दुसऱ्या रिंगेला लागत असेल तर आम्ही बारीक दगडानं फक्त तिची कूस काढतो. जास्त गोल केलेली कड उजेडात रेघेसारखी चमकते.

डव्ह पॅन आणि लोटा

डव्ह पॅन म्हणजे झाकण ठेवून काढताच रिकाम्या भांड्यातून पक्षी काढून दाखवायचं साधन, आणि लोटा म्हणजे रिकामा केला तरी पुन्हा पुन्हा पाणी देणारा. ही दोन्ही साधनं बहुधा चाकावर फिरवत, दाब देऊन घडवलेली असतात, त्यामुळे पत्र्यात ताण दडून राहतो. ताणलेल्या पितळेला अमोनिया लागला की ते आपोआप तडकतं. भारतात ब्रिटिश लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात असेच तडे जायचे. तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया त्याला कारण होता, हे १९२१ साली उलगडलं. पक्ष्यांच्या विष्ठेतूनही अमोनिया सुटतो. म्हणून डव्ह पॅनमध्ये पक्षी ठेवला असेल तर त्याच रात्री कोमट पाण्यानं धुऊन कोरडं करा. तीव्र वासाची, अमोनिया असलेली पॉलिश तर पितळेजवळ आणूच नका. पॅन ॲल्युमिनियमचं असेल तर धुण्याचा सोडा टाळा, त्यानं ते काळवंडतं आणि खडबडीत होतं.

पॅनमध्ये आग दाखवत असाल तर डाग दिलेल्या, म्हणजे सोल्डर केलेल्या सांध्यांची आठवण ठेवा. जुना कथिल-शिशाचा डाग १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. ज्योत बुडाला लागता कामा नये, आणि झाकण पडलं की ती लगेच विझली पाहिजे. पेटीत ठेवताना आतला भाग झाकणात अडकवून ठेवू नका. महिनोन्‌महिने ताणलेली स्प्रिंग ढिली पडते आणि नेमकी प्रयोगात दगा देते.

लोट्याला जगभरचे जादूगार लोटाच म्हणतात, आणि त्याची काळजी घेणं सगळ्यात अवघड, कारण आतली पोकळी दिसत नाही. हवेचं छिद्र क्षारानं बुजलं की पाणी थेंबथेंब येतं किंवा थांबायच्या वेळी थांबत नाही. सायट्रिक ॲसिडचं अगदी सौम्य द्रावण दहा मिनिटं आत ठेवा, चार-पाचदा स्वच्छ पाण्यानं खळबळून काढा, आणि उपडा करून रात्रभर वाळवा. छिद्रात सुई घालू नका. छिद्र किंचित मोठं झालं तरी पाण्याचा वेग बदलतो. जुन्या डागात शिसं असतं, तेव्हा या लोट्यातलं पाणी कुणालाही प्यायला देऊ नका.

नवा मुलामा मागताना

पॉलिशनं माप कमी होतं तसं मुलाम्यानं वाढतं. समजा डबी आणि झाकण दोन्हींवर १० मायक्रॉन निकेल चढवलं. डबीचा बाहेरचा व्यास २० मायक्रॉननं वाढला, झाकणाचा आतला व्यास २० नं कमी झाला. म्हणजे मधली जागा ४० मायक्रॉननं घटली. मुळात ती १०० मायक्रॉन असेल तर आता ६०च उरली, आणि मुळातच कमी असेल तर झाकण उचलताना डबीही उचलली जाईल. म्हणून ओकितो डबीसारख्या (नाण्यांच्या प्रयोगाची छोटी गोल डबी) वस्तूंचे काम करणारे भाग आम्ही झाकून घेतो आणि फक्त दर्शनी भागावर मुलामा देतो. ‘आतूनही चमकू दे’ असा आग्रह धरलात तर आम्ही नाही म्हणू.

रंगवलेल्या टिनच्या वस्तूंना थिनर लावू नका, चित्र क्षणात उतरतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडी पॉलिशपेपरची घासाई तर नकोच.

रोजची काळजी

घामातलं मीठ पॉलिश केलेल्या तांब्यावर बोटांचे ठसे कोरून ठेवतं. प्रयोग संपला की त्याच रात्री सुती कापडानं पुसा, एवढ्यानं निम्म्या दुरुस्त्या टळतील. प्रत्येक वस्तू वेगळ्या सुती पिशवीत ठेवा. रबरबँड लावू नका, लोकरीचं कापड गुंडाळू नका. दोन्हींत गंधक असतं आणि चांदी, तांबं त्यानं काळं पडतं. पेटीतला जुना फोम चिकट झाला असेल तर फेकून द्या. बराच काळ वापरणार नसाल तर बाहेरून मेणाचा पातळ हात फिरवा, पण प्रयोगाआधी तो पुसून टाका, नाहीतर रिंग हातातून निसटेल.

पाठवताना

पाठवण्याआधी काहीही घासू नका. धातूवर पडलेल्या डागावरूनच त्याचं कारण कळतं. संचातले सगळे भाग पाठवा, चेंडू आणि नाणीसुद्धा, कितीही झिजलेली असली तरी. साधन कुठल्या हातात धरता आणि अंगठा कुठे टेकवता, हे चिठ्ठीवर लिहा. तिथली झीज आम्ही शक्यतो हलवत नाही, कारण तुमच्या हाताला तीच सवयीची असते. तळाशी बनवणाऱ्याचा शिक्का असेल तर त्यावर बफ लावत नाही. आतल्या रचनेचे फोटो आम्ही काढत नाही, आणि काम पडद्यामागच्या टेबलावरच होतं.