कवी आणि कार्यकर्ता : नाशिकची जुनी सोयरीक

कविसंमेलनात टाळ्या घेणारा एखादा तरुण दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या मुलांची शिकवणी घेताना दिसला, तर नाशिककरांना त्याचे कौतुक वाटते आणि ते वाटायलाही हवे. मात्र या शहरात कवी आणि कार्यकर्ता यांची सोयरीक शंभर वर्षांहून जुनी आहे.

तिचा आरंभ स्वातंत्र्यकवी गोविंद यांच्यापासून धरावा लागतो. गोविंद त्र्यंबक दरेकर दोन्ही पायांनी अधू होते, शिक्षणही बेताचेच, आणि आधी ते लावण्या रचत. सावरकर बंधूंच्या ‘मित्रमेळा’ या क्रांतिकारी संघटनेत आल्यावर हीच लेखणी देशाकडे वळली. मित्रमेळ्याचे तरुण त्यांची पदे मेळ्यांतून गात. त्या शब्दांची धग सरकारला इतकी लागली, की ती पदे प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कविता छापली म्हणून माणूस अंदमानात जातो, हे आजच्या तरुण कवींनी एकदा तरी शांतपणे मनात आणून पाहावे.

पुढे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला आणि विशीतले वि. वा. शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, त्यात सहभागी झाले. ‘विशाखा’ आली ती त्यानंतर, १९४२ साली. तिच्यातला अन्यायाविरुद्धचा आवाज केवळ वाचनातून आलेला नव्हता, असे मला ठामपणे वाटते.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचे लोककवी वामनदादा कर्डक यांची वाट मात्र याहून खडतर होती. १९२२ साली जन्मलेल्या वामनदादांना शाळा मिळाली नाही. मुंबईत चाळीत राहत असताना कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि त्यांना ते वाचता येईना. डोळ्यांत पाणी आले. मग एका मास्तरांकडून त्यांनी बाराखडी गिरवली आणि रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचत, अक्षराला अक्षर जोडत ते वाचायला शिकले. १९४३ पासून त्यांनी गीते रचली आणि बाबासाहेबांचा विचार गावोगाव गाऊन पोहोचवला. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनी तो वामनदादांच्या गाण्यांतून ऐकला, पाठ केला आणि पुढच्या वस्तीत नेला.