डॅम्पिंग शीट आणि नमदा: पद्मिनीच्या कार्पेटखाली काय, कुठे आणि किती

जुन्या प्रीमियर पद्मिनीचं कार्पेट बदलायला घेतलं की कुशनवाल्याकडे हमखास विचारणा होते: "खाली शीट (चिकटवायची डॅम्पिंग शीट) टाकू की नमदा (तंतू दाबून केलेला जाड थर)?" दोन्ही वस्तू 'साउंडप्रूफिंग' या एकाच नावाखाली विकल्या जातात, म्हणून हे 'की' मध्ये येतं. खरं तर त्या एकमेकींना पर्याय नाहीत. कामं वेगळी, जागा वेगळ्या आणि बिघडण्याची कारणंही वेगळी. नको तिथे नको ती वस्तू घातली की पैसे तर जातातच, दोन पावसाळ्यांत पत्राही जातो.

स्वयंपाकघरात स्टीलचं ताट पडलं की ते वाजत राहतं. त्यावर बोट टेकवलं की नाद तिथेच मरतो. डॅम्पिंग शीट म्हणजे हे बोट. तळाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. इंजिन, प्रोपेलर शाफ्ट आणि रस्ता त्याला सतत हलवत असतात. शीटमधला चिकट ब्युटाइल रबराचा थर खालचा पत्रा आणि वरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा यांच्यामध्ये सापडून ताणला जातो, आणि कंपनाची शक्ती किंचितशा उष्णतेत जिरते. नमदा म्हणजे दारात टांगलेली गोधडी. ताट वाजायचं थांबत नाही, पण हवेतून येणारा आवाज तंतूंच्या जाळ्यात अडकून क्षीण होतो. शिवाय सायलेन्सरच्या पाइपची धग पायापर्यंत पोचत नाही, आणि कार्पेटला पायाखाली भरीवपणा येतो.

म्हणून नुसता नमदा घातला की गाडी आतून मऊ वाटते, पण ठरावीक वेगाला येणारं ते 'घूंऽऽ' जसंच्या तसं राहतं. १३७डी या डिझेल मॉडेलमध्ये तर उभ्या गाडीतही ते ऐकू येतं. नुसती शीट लावली तर घुमणं कमी होतं. गिअरची शीळ, टायरचा खरखराट आणि पायाची भाजणी मात्र राहते. आपल्या गाडीचं दुखणं कुठलं, हे ओळखायला बोटाचं पेर पुरतं. सीट काढून पत्र्यावर मधोमध टकटक करा. 'टण्ण' असा लांबणारा आवाज आला तर तिथे शीट हवी. 'ठक्' असा बसका आवाज आला तर तिथे शीटवर पैसे घालू नका. टनेलची (तळाच्या मधोमध, प्रोपेलर शाफ्टवर असलेल्या उंचवट्याची) वळलेली बाजू आणि ठोकून उठवलेल्या पट्ट्या मुळातच कडक असतात, त्या फारशा वाजत नाहीत. वाजतात ते पायाखालचे सपाट तुकडे.

यातच मात्रेचं गणित आहे. सपाट पत्र्याच्या मधल्या साधारण एक तृतीयांश भागावर शीट लावली की बहुतेक फायदा मिळतो. उरलेला भाग झाकून फारसं काही वाढत नाही, वजन मात्र वाढतं. २ मिमी ब्युटाइल शीटचं वजन चौरस मीटरला तीन-साडेतीन किलो भरतं. पद्मिनीचा तळ, टनेल आणि पुढचा तिरका पायपत्रा धरून तीन-साडेतीन चौरस मीटर होतील (गाडी मोजूनच माल आणावा), म्हणजे शीट एक-सव्वा चौरस मीटर पुरे. नमद्याचं उलटं आहे. त्याला फटी चालत नाहीत. आवाज नेमका फटीतून येतो. तो जवळजवळ सगळीकडे हवा, १० मिमी जाडीचा. दोन तुकडे जिथे भेटतात तिथे एकावर एक चढवू नयेत, कडेला कड भिडवावी. चढवलेली जागा कार्पेटमधून उंचवट्यासारखी कायम दिसत राहते.

आता खरा घोळ. चंदेरी पाठ असलेल्या तीन वेगवेगळ्या वस्तू पुण्याच्या नाना पेठेपासून तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळतात, आणि तिन्ही 'डॅम्पिंग' म्हणून दाखवल्या जातात. एक खरी ब्युटाइल शीट. दुसरी गच्चीच्या गळतीवर लावायची डांबरी पट्टी. तिसरा एसीच्या डक्टला गुंडाळतात तो फोम. फोम ओळखणं सोपं आहे: नख रुतवा, खूण लगेच भरून आली तर फोम. हातात घेतला तर वजनच लागत नाही. तो उष्णता अडवतो, पाणी पीत नाही, पण पत्र्याचं कंपन थांबवायला त्याच्यात ना वजन ना चिवटपणा. डांबरी पट्टी मात्र फसवते, कारण तीही जड असते आणि नखाची खूण धरून ठेवते. तिचा वास घ्या. रस्त्याच्या कामाजवळून जाताना येतो तो वास. तरीही शंका असेल तर हातभर तुकडा एखाद्या पत्र्यावर चिकटवून, पत्रा उभा ठेवून, मे महिन्यात काचा बंद असलेल्या गाडीत दिवसभर उन्हात राहू द्या. संध्याकाळी पट्टी खाली सरकलेली किंवा कडेने काळा ओघळ आलेला दिसला तर ती गच्चीवरच शोभेल. वरच्या अ‍ॅल्युमिनियमची जाडीही पाहावी. ०.१ मिमीच्या आसपासचा पत्रा बोटाने दुमडताना जाणवतो. चॉकलेटच्या वेष्टनाइतका पातळ असेल तर खालच्या ब्युटाइलला ताणायला वर काही उरतच नाही, आणि शीट अर्धं कामही करत नाही.

नमद्यातही दोन जाती आहेत. तागाचा किंवा चिंध्या पिंजून केलेला नमदा आवाज उत्तम पितो आणि पाणीही तितकंच पितो. ओला झाला की तो पत्र्याला पोटीस बांधल्यासारखा चिकटून बसतो. वर रेक्झिनची मॅटिंग असेल तर वाफेला वाटच नाही. कित्येक पद्मिनींत एका मालकाने दुसऱ्याच्या मॅटिंगवर मॅटिंग चढवलेली सापडते, आणि सगळ्यात खाली नमद्याचा काळा चिखल व पत्र्याची चाळणी. पॉलिएस्टरचा नमदा पाणी धरतो, पण सडत नाही आणि लवकर वाळतो. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर तोच घ्यावा. मूळपणाचा हट्ट इथे सोडलेला बरा. कार्पेटखालचं कोणी पाहत नाही.

कामाला लागताना आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. सीटच्या बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. तेल न देता जोर लावला तर बोल्ट तुटतो, आणि पुढचा दिवस तो काढण्यात जातो. दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या काढून जुनं कार्पेट अख्खं बाहेर घ्या. फाटलं तरी फेकू नका, नव्याचा साचा तोच. तुकड्यांच्या पाठीवर खडूने 'डावा-पुढे', 'उजवा-मागे' असं लिहा. सपाट झालेला तुकडा पुढचा कुठला हे तासाभरातच आठवेनासं होतं.

पत्र्यावर आधीपासून असलेला जुना डांबरी थर निघत नसेल तर हीटगनने कोमट करून पुटी-पात्याने उचला. पत्र्यावर उरलेला काळा लेप रॉकेलने पुसला जातो, पण हीटगन आणि रॉकेल एका वेळी गाडीत नकोत. आधी गरम काम संपवा, पत्रा गार होऊ द्या, मग रॉकेल. शेवटी थिनरने पुसणं आवश्यक आहे, कारण रॉकेलची तेलकट साय राहिली तर ब्युटाइल धरत नाही. वेल्डिंग असेल तर ते याच टप्प्यावर, पत्रा उघडा असताना. नमदा घातल्यावर खालून वेल्डिंग करणं म्हणजे गाडी पेटवण्याची तयारी. मग तारेचा ब्रश, गंजावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं कन्व्हर्टर, इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीम सीलर, आणि सगळं दिवसभर वाळवणं.

पाण्याची परीक्षा यानंतर आणि नमद्याच्या आधी. तळावर वर्तमानपत्र अंथरून एकाने आत बसावं, दुसऱ्याने दहा मिनिटं नळी सोडावी: आधी पुढच्या काचेच्या रबरावर, मग वायपरच्या बुडाशी, मग दारांवर. कागद जिथे आधी ओला होतो त्याच्या वर शोधा. दाराच्या खालच्या कडेची भोकं मातीने बुजली असतील तर दारात साठलेलं पाणी उंबऱ्यावरून आत येतं. ती तारेने मोकळी करा. गळती राहिली असेल तर काम तिथेच थांबवा. शीटखाली पाणी सहसा शिरत नाही, नमद्यात मात्र ते शिरतंच.

शीट कापताना हातमोजे घाला, अ‍ॅल्युमिनियमची कड पात्यासारखी कापते. पाठीचा कागद काढून मधून बाहेर रूळ फिरवा. शीटवर जी उठावदार नक्षी असते ती सपाट झाली म्हणजे खाली हवा उरली नाही. तळातली रबरी बुचं, सीटच्या बोल्टची भोकं आणि सांध्यांच्या रेषा मोकळ्या ठेवा. सायलेन्सरचा पाइप जिथून जवळून जातो तिथे डांबरी काहीही नको.

नमदा पत्र्याला पूर्ण चिकटवू नका. चार-पाच ठिकाणी चिकटद्रव्याचा ठिपका पुरे, म्हणजे भिजला तर उचलून वाळवता येतो. उंबऱ्याच्या कडेपासून तो १५ ते २० मिमी आत संपवा. तिथे पट्टीखाली कार्पेटचीच जाडी मावते. सीटच्या पायांखाली नमदा ठेवला तर बोल्ट कितीही आवळा, काही दिवसांत नमदा दबतो, बोल्ट ढिला होतो आणि सीट डुलते. अ‍ॅक्सिलरेटरभोवती मोकळा खड्डा सोडा. नमदा आणि कार्पेट मिळून १५ मिमीच्या वर उंची चढते, आणि पेडल पूर्ण दाबलं जात नाही. किंवा, वाईट म्हणजे, कडेत अडकून दाबलेलंच राहतं. इंजिन बंद असताना वीस वेळा दाबून सोडून पाहा.

कार्पेट टनेलपासून बसवायला घ्या, मग पुढचे दोन्ही कोपरे, मग मागचा भाग. कॉन्टॅक्ट अधेसिव्ह उष्णता सोसणारा घ्या, फक्त टनेलवर आणि उभ्या बाजूंवर लावा. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ हात, दहा-पंधरा मिनिटांची वाट, बोटाला चिकटेनासा झाला की जोडा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. दारं उघडी ठेवा, त्या वासाने डोकं धरतं. बोल्टसाठी कार्पेटमधून ड्रिल चालवू नका, धागा बिटला गुंडाळून रांगच्या रांग उसवून निघते. नायलॉनचं कार्पेट असेल तर तापलेल्या सोल्डरिंग गनने भोक पाडा, कड आपोआप वितळून बंद होते. लोकरीचं असेल तर टोच्याने.

सीट बसवण्याआधी टकटक परत करून पाहा, या वेळी कार्पेटवरून नाही, कोपरा उचलून शीटवरच. आणि पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्यात, नमद्याच्या खाली बोटं घालून पाहा. वरून कोरडं लागणाऱ्या कार्पेटवर भरवसा ठेवू नका.