‘सर्व’ म्हटले की ‘काही’ आलेच का? संवाक्याची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा आणि कॉलेजात तर्कशास्त्र घेतलेला, असे दोघे शेजारी बसले की एका प्रश्नावर वाद हमखास होतो. ‘सर्व अ हे ब आहेत’ एवढे दिले असेल, तर ‘काही ब हे अ आहेत’ असा निष्कर्ष काढता येतो का? परीक्षेवाला म्हणतो येतो, कॉलेजवाला म्हणतो येत नाही. दोघांकडे छापील उत्तर असते आणि दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतात. ती वेगवेगळ्या काळांतून आलेली आहेत, एवढेच.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून (इ.स.पू. ३८४–३२२). दोन आधारविधाने आणि एक निष्कर्ष, एकूण तीन पदे, आणि प्रत्येक पद दोनदाच: हा संवाक्याचा (सिलॉजिझमचा) सांगाडा त्याचा. निष्कर्षाचे उद्देश्य ते पक्षपद, विधेय ते साध्यपद, आणि दोन्ही आधारविधानांत येऊन निष्कर्षातून गळणारे ते मध्यपद. विधाने चारच प्रकारची. सर्व अ ब आहेत. कोणताही अ ब नाही. काही अ ब आहेत. काही अ ब नाहीत. पदांच्या जागी त्याने सरळ अक्षरे वापरली, हे त्याचे मोठे काम. त्यामुळे युक्तिवाद कशाबद्दल आहे हे बाजूला ठेवून त्याचा नुसता आकार तपासता येऊ लागला.

मध्यपद कुठे बसते यावरून त्याने तीन आकृती पाडल्या आणि त्यांत चौदा वैध रूपे, म्हणजे तीन विधानांच्या प्रकारांच्या चालणाऱ्या जुळण्या, दाखवली. पहिल्या आकृतीतली चार रूपे त्याच्या मते स्वतःच स्पष्ट. बाकीची फिरवून त्या चारांवर आणायची. चौथी आकृती नंतरच्या लोकांनी जोडली.

हे सगळे लॅटिनमध्ये नेण्याचा पाया बोएथियसने सहाव्या शतकाच्या सुरुवातीला घातला. तेराव्या शतकातल्या शिक्षकांनी चार विधानांना वरच्याच क्रमाने ए, ई, आय, ओ (A, E, I, O) ही अक्षरे वापरून रूपांची नावे पद्यात गुंफली: बार्बारा, सेलारेंट, दारी, फेरिओ… नावातले पहिले तीन स्वर म्हणजे तीन विधानांचे प्रकार. व्यंजनेही कामाची आहेत. पहिले व्यंजन सांगते की हे रूप पहिल्या आकृतीतल्या कोणत्या रूपावर आणायचे. ‘स’ म्हणजे आधीच्या स्वराचे विधान सरळ उलटवा (उद्देश्य-विधेयाची अदलाबदल करा), ‘प’ म्हणजे उलटवताना ‘सर्व’चे ‘काही’ करा, ‘म’ म्हणजे आधारविधानांची अदलाबदल करा. शब्दाच्या मधला ‘क’ म्हणजे निष्कर्ष खोटा धरून विसंगती दाखवा.

एक करूनच पाहू. रूप ‘कामेस्त्रेस’. सर्व बसराई केळी कॅव्हेंडिश गटातली आहेत. कोणतेही वेलची केळे कॅव्हेंडिश गटातले नाही. म्हणून कोणतेही वेलची केळे बसराई नाही. लॅटिनमध्ये हे नाव C ने सुरू होते आणि सेलारेंटही, म्हणजे सेलारेंटवर न्यायचे. ‘मे’मधल्या स्वरानंतर (E) ‘स’ आहे, म्हणून दुसरे आधारविधान उलटवले: कोणतेही कॅव्हेंडिश केळे वेलची नाही. ‘म’ आहे, म्हणून ते वर आले आणि बसराईचे विधान खाली गेले. आता निघते: कोणतेही बसराई केळे वेलची नाही. शेवटच्या ‘स’ने हे पुन्हा उलटवले की मूळ निष्कर्ष हातात. शब्द पाठ असेल तर कृती विसरायला वावच नाही. आज ही नावे जुनाट म्हणून हसण्यावारी नेली जातात, ते मला पटत नाही.

नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी पाठांतराऐवजी व्याप्तीचे नियम पुढे आणले. विधान एखाद्या पदाच्या संपूर्ण वर्गाबद्दल बोलत असेल तर ते पद व्याप्त. ‘सर्व अ ब आहेत’मध्ये फक्त अ व्याप्त, ‘कोणताही अ ब नाही’मध्ये दोन्ही, ‘काही अ ब आहेत’मध्ये एकही नाही, ‘काही अ ब नाहीत’मध्ये फक्त ब. मध्यपद एकदा तरी व्याप्त हवे, आणि निष्कर्षात व्याप्त असलेले पद आधारविधानातही व्याप्त हवे. बहुतेक चुका या दोन नियमांवर पकडल्या जातात.

सर्व बसराई कॅव्हेंडिश, सर्व ग्रँड नैन कॅव्हेंडिश, म्हणून सर्व ग्रँड नैन बसराई? रावेर-यावलचा कोणताही केळी उत्पादक यावर हसेल. मध्यपद दोन्हीकडे विधेयाच्या जागी, म्हणजे दोन्हीकडे अव्याप्त. दुसरी चूक जास्त फसवी: सर्व कापूस नगदी पीक आहे; केळी म्हणजे कापूस नव्हे; म्हणून केळी नगदी पीक नव्हे. इथे ‘नगदी पीक’ निष्कर्षात व्याप्त आहे, पण आधारविधानात नाही. विषय ओळखीचा असला की दोष लगेच दिसतो. अनोळखी विषयात हाच युक्तिवाद कित्येकांना पटतो, म्हणून तपासताना पदांच्या जागी अक्षरे घालावीत.

आपल्याकडची परंपरा वेगळ्या वाटेने आली. न्यायदर्शनात युक्तिवादाची पाच अवयवे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघरात. डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. भरिताची वांगी कपाशीच्या काट्यांवर भाजणाऱ्या खानदेशाला उदाहरण शोधायला लांब जायला नको. उलट बाजूने मात्र हे चालत नाही. आग आहे म्हणून धूर आहे असे म्हणता येत नाही, कारण लालबुंद लोखंडी गोळ्यात आग असून धूर नसतो. धुरासाठी इंधन ओले हवे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, या ओल्या इंधनासारख्या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. ‘सर्व अ ब’ सरळ उलटवता येत नाही, हेच ॲरिस्टॉटलच्या भाषेत. बौद्ध आचार्य दिङ्नागाने हेतूच्या नऊ शक्यता मांडल्या. साध्य (जे सिद्ध करायचे, इथे आग) असलेल्या इतर ठिकाणी हेतू (इथे धूर) सर्वत्र, काही ठिकाणी की कुठेच नाही. आणि साध्य नसलेल्या ठिकाणी तेच तीन पर्याय. नऊपैकी दोनच हेतू त्याने ग्राह्य धरले.

ही विद्या खानदेशात रुजलेली होती याचा पुरावा चाळीसगावजवळ पाटण्याच्या शिलालेखात आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चंगदेव याने काढलेल्या मठाला १२०७ च्या सुमारास मिळालेल्या दानाचा हा लेख. त्यात भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला ‘तार्किकचक्रवर्ती’ म्हटले आहे. गणितासाठी ओळखल्या जाणाऱ्या घराचा गौरव तर्कासाठीही होत होता.

१८२४ मध्ये इंग्रज संस्कृत अभ्यासक कोलब्रुकने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत न्यायदर्शनावर निबंध वाचला आणि युरोपात तुलना सुरू झाली. पाच अवयवे पाहून अनेकांनी ती तीनात बसणारी, उगाच लांबवलेली ठरवली. मुळात दोन्हींचे काम वेगळे. संवाक्य फक्त आकार तपासते, आधारविधान खरे की खोटे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. न्यायात उदाहरण लागतेच, कारण ‘जिथे धूर तिथे आग’ हा संबंध (न्यायातली व्याप्ती) प्रत्यक्ष कुठे दिसला हे समोरच्याला दाखवायचे असते. अमळनेरला १९१६ मध्ये प्रताप शेठजींच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तिथे भारतीय आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान एकत्र अभ्यासले जाई. तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ तिथे संचालक होते, आणि प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होण्याआधी साने गुरुजीही तिथे अभ्यासाला आले होते. असे शेजारी ठेवून वाचले की तुलनेतला हा घोटाळा लवकर लक्षात येतो.

आता मूळ वाद. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८७ मध्ये लिहिले की ॲरिस्टॉटलनंतर तर्कशास्त्राला एक पाऊलही पुढे टाकता आलेले नाही. शंभर वर्षांत हे खोटे ठरले. चार आकृती धरून एकूण रूपे २५६. ‘सर्व अ’ म्हटले की अ अस्तित्वात आहे, असे जुन्या पद्धतीत गृहीत असते. ते धरले तर वैध रूपे २४. जॉर्ज बूलच्या (१८४७, १८५४) बीजगणिती पद्धतीतून पुढे आलेल्या मांडणीत ‘सर्व अ ब आहेत’ म्हणजे एवढेच, की ब नसलेला अ एकही नाही. अ एकही नसला तरी हे खरेच राहते. हा अर्थ घेतला की नऊ रूपे बाद होतात आणि उरतात १५. खरेदी केंद्रावर पाटी असते: १२ टक्क्यांहून जास्त ओलाव्याचा सर्व कापूस परत जाईल. हंगामभर तसा कापूस आलाच नाही, तरी पाटी खोटी ठरत नाही. पण ‘काही कापूस परत गेला’ असे त्यावरून म्हणता येईल का?

गोंधळात भर घालतात वर्तुळांची चित्रे. ऑयलरने १७६१ च्या पत्रांत वर्तुळात वर्तुळ काढून विधाने दाखवली. तिथे वर्तुळ काढले म्हणजे आत कोणीतरी आहेच. वेनने १८८० मध्ये आधी सगळी वर्तुळे एकमेकांत काढली, मग रिकामा भाग छायांकित केला. अस्तित्व दाखवायची वेगळी खूण या पद्धतीत पुढे आली. क्लासमध्ये ‘वेन आकृती’ म्हणून शिकवतात ती बहुतेक वेळा ऑयलरचीच वर्तुळे असतात. एकच शक्य चित्र काढून त्यात जे दिसेल ते निष्कर्ष म्हणून लिहिण्याची चूकही तिथूनच येते. प्रत्येक निष्कर्षासाठी तो खोटा पडेल असे दुसरे चित्र काढून पाहावे. ते निघाले तर निष्कर्ष बाद.

मदुराईत जन्मलेला इंग्रज गणिती डी मॉर्गन याने आणखी एक मर्यादा दाखवली. घोडा प्राणी आहे, म्हणून घोड्याचे डोके प्राण्याचे डोके आहे, एवढा साधा निष्कर्षही संवाक्यात बसत नाही, कारण तिथे नातेसंबंध मांडायची सोय नाही. ती सोय १८७९ मध्ये जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेच्या चिन्हपद्धतीने करून दिली. बँकेच्या पेपरात मात्र आजही जुना करार चालतो: ‘सर्व’मधून ‘काही’ निघते. कॉलेजच्या पेपरात वेनची छायांकित आकृती काढायला सांगितली असेल, तर खूण नसलेल्या भागातून ‘काही’ काढू नये.