बॉयलर आधी, रंग नंतर

ग्वाल्हेरच्या छोट्या लाइनीची रुंदी 610 मिलिमीटर, म्हणजे बरोबर 2 फूट. शिंद्यांच्या संस्थानाने टाकलेली ही लाइन श्योपुरपर्यंत जवळजवळ 200 किलोमीटर जायची. 2020 मध्ये ती बंद पडली आणि ब्रॉडगेजचं काम सुरू झालं. तेव्हापासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींत गप्पा रंगल्या की कुणीतरी म्हणतंच, एखादं वाफेचं इंजिन तरी पुन्हा चालतं करायला हवं होतं. पुढची चर्चा मात्र फार लवकर रंगावर येते: काळा द्यावा की हिरवा? रंग हे या कामातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम.

जवळपास याच रुंदीच्या एका इंजिनाचं उदाहरण घेऊ. पहिल्या महायुद्धात आघाडीवर तोफगोळे आणि शिधा पोचवण्यासाठी ब्रिटिश सैन्याने 60 सेंटीमीटर रुंदीच्या हलक्या लाइनी टाकल्या. मायदेशातल्या कारखान्यांना मागणी झेपेना, म्हणून फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कंपनीकडून 1916-17 मध्ये 495 इंजिनं घेतली. प्रत्येकाचं वजन सुमारे साडेचौदा टन. वेळेवर मिळाली हा त्यांचा मोठा गुण. बांधा मात्र उंच, पाया अरुंद, त्यात पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही बाजूंना वर चढवलेल्या. गुरुत्वमध्य इतका वर गेल्यावर चिखलात टाकलेल्या रुळांवरून इंजिन घसरणार नाही तर काय! शिवाय खंदकांच्या अगदी जवळ ती नेताही येत नसत. दिवसा धूर दिसायचा आणि रात्री भट्टीचा उजेड. तिथून पुढे पेट्रोलची छोटी इंजिनं गाड्या ओढायची.

युद्ध संपल्यावर यांतली बरीच इंजिनं भारतात आली, कारण 2 फुटी लाइनी इथे होत्याच आणि फरक होता अवघ्या 1 सेंटीमीटरचा. त्यांतलं 778 क्रमांकाचं इंजिन उत्तर प्रदेशात साखर कारखान्याच्या कामाला लागलं. 1980 च्या दशकात ते ब्रिटनला परत गेलं आणि लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवर हौशी मंडळींच्या प्रयत्नांतून 2007 मध्ये त्यात पुन्हा वाफ भरली. मधली वीसेक वर्षं नुसती पैसे जमवण्यात जातात असं वाटत असेल, तर एकदा बॉयलरच्या आत डोकावायला हवं.

घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला जादा दाब दर चौरस इंचाला 15 पौंडांच्या आसपास असतो. या बाल्डविनचा दाब 178 पौंड, जवळजवळ बारापट. एवढ्या दाबाखाली पाणी 100 नव्हे, तर 190 अंशांच्या थोडं वर उकळतं. पत्रा फाटला तर दाब एकदम उतरतो आणि ते तापलेलं पाणी तिथल्या तिथे वाफ व्हायला लागतं. साध्या हवेच्या दाबाला 1 लीटर पाण्याची सुमारे 1,600 लीटर वाफ होते. बॉयलरचा स्फोट म्हणतात तो हाच. बचावाची एक युक्ती कुकरच्या झाकणातही असते: पाणी संपलं की वितळणारी गुंडी. इंजिनात भट्टीच्या छतात शिशाची बूच बसवलेली असते. छतावरचं पाणी आटलं की ती वितळते, वाफ भट्टीत घुसते आणि फायरमनला समजायचं ते समजतं.

म्हणून इंजिन आणलं की आधी त्याची साल काढायची. बॉयलरवर उष्णता धरून ठेवणारं आवरण असतं आणि जुन्या काळी ते बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचं असे. ते हौसेने खरवडायचं काम नव्हे, जाणकारांकरवीच काढून घ्यावं लागतं. मग भट्टीतला गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या आतल्या ट्यूबा कापून ओढून काढतात. त्यांची टोकं पत्र्यात फुगवून घट्ट बसवलेली असल्यामुळे त्या सरळ निघतच नाहीत. नंतर पत्र्याची जाडी मोजायची. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे 5,900 मीटर जातो. 10 मिलिमीटर पत्र्याच्या पलीकडच्या बाजूवर आपटून परतायला त्याला साडेतीन मायक्रोसेकंदही लागत नाहीत. प्रतिध्वनी त्याहून लवकर आला तर पत्रा तेवढा झिजलेला. चौथऱ्यावर उभी केलेली इंजिनं फसवतात ती इथेच. वरून तेलरंग चकचकीत, आणि आत साठलेल्या ओल्या राखेतल्या गंधकाचं आम्ल होऊन ते वर्षानुवर्षं पत्रा खात बसलेलं.

मला या कामात सगळ्यात भावतो तो स्टे तपासण्याचा प्रकार. भट्टी आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये पाणी असतं आणि दाबाने भट्टी आत चेपू नये म्हणून दोन्ही पत्रे शेकडो छोट्या दांड्यांनी जखडलेले असतात. हे स्टे. तपासणारा माणूस एकेका स्टेवर हातोडी मारत जातो. शाबूत असेल तर खणखणीत आवाज, तुटला असेल तर बद्द. शिवाय बऱ्याच स्टेंच्या टोकात एक बारीक भोक पाडलेलं असतं. स्टेला तडा गेला की त्या भोकातून पाणी झिरपू लागतं. शंभर वर्षांपूर्वीचं हे सेन्सर आहे, बॅटरीशिवाय चालणारं.

इंजिन परदेशी असलं की आणखी एक कटकट, आट्यांची. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन 55 अंश, अमेरिकी आट्यांचा 60. अर्ध्या इंची बोल्टला ब्रिटिश पद्धतीत एका इंचात 12 आटे, अमेरिकी पद्धतीत 13. फिलाडेल्फियात घडलेलं आणि पुढे ब्रिटिश वळणाच्या वर्कशॉपांत दुरुस्त होत राहिलेलं इंजिन म्हणजे दोन्हींची खिचडी. नट दोन फेरे फिरतो आणि अडतो. जोर लावणारा आटे मारतो, जाणता माणूस आधी आटे मोजायचं गेज लावतो. सुदैवाने 70 हजारांहून जास्त इंजिनं बांधणाऱ्या बाल्डविनची बरीच कागदपत्रं अमेरिकेत डॅलसच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेली आहेत. आपल्याकडे मात्र शेड बंद झालं की नकाशे बहुतेक वेळा रद्दीत जातात.

नव्या ट्यूबा, नवे स्टे बसले की बॉयलर गच्च पाण्याने भरून, चालू दाबापेक्षा जास्त दाब देऊन पाहतात. पाणीच का? कारण ते जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. कुठे फाटलंच तर धार लागते आणि दाब लगेच उतरतो. हीच परीक्षा हवेने घेतली तर बॉम्ब.

मग पहिला विस्तव, तोही अगदी मंद. पोलाद तापलं की वाढतं. 3 मीटरचा बॉयलर 170 अंशांनी तापला तर सुमारे 6 मिलिमीटर लांब होतो. म्हणून तो धुराड्याकडच्या टोकाला पक्का करतात आणि भट्टीकडचं टोक चौकटीवर सरकतं ठेवतात. घाईने पेटवलं तर एक पत्रा तापतो, शेजारचा थंड राहतो आणि सांधे गळू लागतात.

ग्वाल्हेरच्या रुळांवर असं इंजिन चालताना बघायला मलाही आवडेल. पण इंजिनाआधी दोन-तीन किलोमीटर छोटी लाइन जागेवर राखणं जास्त गरजेचं, असं माझं मत. इंजिन जगात कुठूनही आणता येतं, 778 तर अर्धं जग फिरून आलं. शिवाय हा एकदाचा खर्च नव्हे. ब्रिटनमध्ये अशा बॉयलरची साधारण दहा वर्षांनी पुन्हा पूर्ण उघडून तपासणी होते. ट्यूबा काढा, स्टे ठोका, पाणी भरा, सगळं पहिल्यापासून.