जैवरेणू

जैवरेणू : सजीवांच्या पेशींमध्ये तयार होणारे आणि शरीराची बांधणी, ऊर्जेचा व्यवहार व आनुवंशिकता सांभाळणारे कार्बनी रेणू. कर्बोदके, मेद, प्रथिने आणि न्यूक्लिइक अम्ले हे त्यांचे मुख्य गट. माणसाच्या वजनातला सुमारे ९६ टक्के वाटा ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चारच मूलद्रव्यांचा असतो आणि ती चारही हवा-पाण्यात सर्वत्र सापडतात. सजीवाचे वेगळेपण द्रव्यात नाही, जोडणीत आहे.

हे सहज मान्य झाले नाही. असे पदार्थ घडायला ‘जीवनशक्ती’ लागते, असा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी समज होता. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिख व्होलर अमोनियम सायनेट हा निर्जीव क्षार तयार करायला गेले आणि हाती आला युरिया, म्हणजे लघवीत सापडणारा पदार्थ. दोन्हींत अणू तेच आणि तितकेच, मांडणी तेवढी निराळी. या एका प्रयोगाने जीवनशक्तीची कल्पना संपली, असे पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्षात ती बरीच वर्षे रेंगाळली. १८९७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवले, तेव्हा कुठे तिचा जोर ओसरला.

कार्बनचा अणू चार बंध जोडतो आणि दुसऱ्या कार्बनशीही घट्ट जोडला जातो. त्यामुळे लांब साखळ्या, फांद्या आणि कडी बनतात. या साखळ्या जिथे वावरतात ते पाणीही तितकेच महत्त्वाचे. पाण्याचा रेणू सुमारे १०४.५ अंशांत वाकलेला असतो. त्याच्या ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन भार असतो. ज्या रेणूंवर असा भार नसतो ते पाण्यात एकमेकांना बिलगतात. पेशीचे पटल याच तत्त्वावर उभे राहते : फॉस्फोलिपिड या मेदांची पाण्याकडे झुकणारी डोकी बाहेर, पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत, असा दुपदरी थर आपोआप जुळतो. मेदाचे दुसरे काम ऊर्जा साठवण्याचे. एका ग्रॅममधून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, कर्बोदकांतून सुमारे ४.

कर्बोदकांत जोडणीचा महिमा सर्वांत उघड दिसतो. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही निव्वळ ग्लुकोजच्या साखळ्या. स्टार्चमध्ये कड्यांमधला सांधा अल्फा प्रकारचा असतो, साखळी वळसे घेते आणि लाळेतले विकरही (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारे एन्झाइम) ती तोडू लागते. सेल्युलोजमध्ये सांधा बीटा प्रकारचा, साखळ्या सरळ, एकमेकींना हायड्रोजन बंधांनी बांधलेल्या. एक अन्न ठरते, दुसऱ्याचे लाकूड होते. गाईलाही सेल्युलोज पचतो तो पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर.

प्रथिने म्हणजे ॲमिनो अम्ले या २० प्रकारच्या छोट्या रेणूंच्या साखळ्या. त्यांचा क्रम ठरला की साखळीची घडी ठरते आणि घडीवर काम अवलंबून असते. अंडे उकडताना ही घडी मोडताना दिसते. पांढऱ्या बलकातली प्रथिने घड्या घालून पाण्यात तरंगत असतात, म्हणून बलक पारदर्शक असतो. उष्णतेने घडी धरणारे दुबळे बंध सुटतात, उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात, जाळ्यात पाणी अडकते आणि बलक पांढरा, घट्ट होतो. ॲमिनो अम्लांना जोडणारे पेप्टाइड बंध मात्र शाबूत राहतात. तुटते ती घडी, साखळी नव्हे.

एका जागेची चूकही किती महागात पडते हे सिकलसेल आजारात दिसते. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ ॲमिनो अम्ले असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन आले की पाणी टाळणारा एक ठिपका पृष्ठभागावर तयार होतो. ऑक्सिजन सोडलेले रेणू तिथे एकमेकांना चिकटतात, त्यांचे दोर बनतात आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.

विकरेही बहुतेक प्रथिनेच असतात. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकताच फेस येतो, तो रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटलेज या विकरामुळे सुटणाऱ्या ऑक्सिजनचा.

प्रथिनांतला क्रम डीएनए हे न्यूक्लिइक अम्ल सांगते. स्विस संशोधक फ्रीड्रिख मीशर यांनी १८६९ मध्ये दवाखान्यातल्या पट्ट्यांवरच्या पुवातून हे द्रव्य प्रथम वेगळे केले. त्याची दुहेरी मळसूत्राकार रचना उलगडायला १९५३ उजाडले. दोन धाग्यांवरच्या चार घटकांपैकी ॲडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन, या जोड्यांमुळे एका धाग्यावरून दुसरा तयार करता येतो.

जोडणीची आणखी एक खुबी डाव्या-उजव्याची. अनेक जैवरेणू हातमोज्यासारखे असतात : त्यांची आरशातली प्रतिमा त्यांच्यावर बसत नाही. प्रथिने बांधताना पेशी ‘डावी’ ॲमिनो अम्लेच वापरते, तर डीएनए आणि आरएनए या न्यूक्लिइक अम्लांमधल्या शर्करा ‘उजव्या’. ग्लुकोजची आरशातली प्रतिमा प्रयोगशाळेत बनवता येते. ती जिभेला गोड लागते, पण ग्लुकोज हाताळणाऱ्या विकरात बसत नसल्याने तिच्यातून शरीराला ऊर्जा काढता येत नाही.